ठेवायचं कुठं?

बाजार उठायला लागलाय. भाजीवाल्या उरलेल्या मेथीच्या जुड्या मागेल त्याला मागेल त्या भावात देतायत, पालांचे बांबू सुटतायत. महामार्गाच्या अंगाला, वजनकाट्यासमोर, उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय. काट्याच्या मागं एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आणि त्याच्या भिंतीला लागून उभी पांढरी व्हॅन. व्हॅनवर फलक : ‘मोफत आरोग्य तपासणी. बीपी, शुगर, रक्त.’ एचआयव्हीचं नाव फलकावर नाही. ते आत गेल्यावर, दार लावून, तोंडानं सांगितलं जातं.

सातारा आणि कराडच्या मधलं हे गाव. त्याचं नाव लिहीत नाही. अंधार पडल्यावर गुऱ्हाळामागं येणाऱ्या पुरुषांना सकाळी याच गावात डेअरीला दूध घालायचं असतं.

अक्का व्हॅनच्या पायरीवर बसलेत. पॅन्ट-शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. गावात लग्नाकार्याचे आचारी म्हणून त्यांना मान आहे, तिकडं त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. गुऱ्हाळामागं ते ‘अक्का’ होतात. एका संस्थेच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पात ते पियर आहेत. म्हणजे ज्यांच्यात काम करायचं त्यांच्यातलेच एक, महिन्याच्या थोड्याशा मानधनावर. मांडीवरच्या पिशवीत निरोधची पाकिटं, पाण्याचा बेस असलेल्या जेलीच्या पुड्या, प्रात्यक्षिकाचं लाकडी मॉडेल आणि एक रजिस्टर.

पहिला येतो तो ट्रॅक्टरवाला. वय तिशीच्या आसपास. ट्रॉली रांगेत लावून, चहाला जातो सांगून आलाय. माझ्याकडे बघून थबकतो. मी उठायला लागतो, तर अक्का त्याला सांगतात, “लिवणारं हायती. नाव-गाव घेत न्हाईत.” तो खांदे उडवतो. बसा म्हणतो.

“मागल्या बाजारी दिलेली संपली?” अक्का विचारतात.

“संपली न्हाईत. टाकली.”

“कुठं?”

“कॅनॉलात.”

“आरं!”

“मग घरी न्हिऊन ठिवू कुठं? बायकूचं आप्रेशन झालंय धाकट्याच्या टायमाला. तिच्या हाताला पाकीट लागलं तर काय सांगू, पाळणा लांबवतोय म्हून?”

अक्का हसतात, तोही हसतो. पण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. त्या घरांत निरोधला राहायला सबबच उरत नाही. गर्भ राहणार नाही, मग हे कशाला? एवढ्या एका प्रश्नाला उत्तर नाही म्हणून सरकारनं फुकट दिलेली पाकिटं कॅनॉलातून वाहत जातायत. रजिस्टरात मात्र ती ‘वाटप’ या रकान्यात बिनचूक भरलेली आहेत.

अक्कांना हे नवं नाही. ते जागांची यादीच सांगायला लागतात. पैशाच्या पाकिटात ठेवू नको, ढुंगणाखाली घासून आणि तापून रबर खराब होतं. गाडीच्या डिकीत नको, उन्हात भट्टी होते. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तर मुळीच नको, तिथं ग्रीस आणि ऑइल असतं, आणि तेल लागलं की निरोध फाटतो. “म्हून खोबरेल न्हाई, व्हॅसलीन न्हाई. ही पुडी वापरायची. कळलं?” मग ठेवायचं कुठं? अक्कांनी काट्याशेजारच्या पानटपरीवाल्याला पटवलंय. त्याच्या फळीखाली, चुन्याच्या डब्यामागं, एक पुठ्ठ्याचा खोका असतो. “डझन न्हेऊ नको. लागंल तवा एकच घ्यायचं. वापरायचं, गाठ मारून टाकायचं, हात हलवत घरी जायचं.”

ट्रॅक्टरवाला मान डोलावतो. पण उठत नाही. चपलेनं माती उकरत राहतो.

“आजून काय?”

“लघवीला जळजळतंय. चार दिस झालं.”

अक्का व्हॅनचं दार वाजवतात.

*

आत काउन्सेलर मॅडम आहेत. कराडकडच्याच, सुती साडी, समोर फॉर्मचा गठ्ठा. फॉर्मवरचे प्रश्न त्या वाचून विचारत नाहीत. पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, “इथं अनेक जण येतात. काहींचा संबंध बायकोशी असतो, काहींचा बाहेर बाईशी, काहींचा पुरुषांशी, काहींचा दोन्हीकडं. मला सगळं ऐकायची सवय आहे. तुमचं कसं?”

यादीत पुरुष आधीच घातलेले असल्यानं ट्रॅक्टरवाल्याला तो विषय स्वतः काढावा लागत नाही. “दोन्हीकडं,” एवढं म्हणून मोकळा होतो. “पर मॅडम, मी बाजारात कदी गेलो न्हाई. बाईकडनं हुतो तो रोग मला कसा हुईल? आन् मी करनारा हाय. मला काय न्हाई हुत.”

एड्सची भिंतीवरची चित्रं बघत आपण सगळेच मोठे झालो. त्यांत नवरा असायचा, बायको असायची, आणि मधे ‘परस्त्री’. पुरुषाच्या शेजारी पुरुष कधी नसायचा. गुऱ्हाळामागं जे होतं त्याला हा माणूस मस्ती म्हणतो, अंगातली गरमी म्हणतो. संबंध हा शब्द त्याच्यासाठी बायकोपुरता आहे. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्ट उभा केला, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना स्वतःबद्दल बोलायला जागा मिळाली. पण ट्रॅक्टरवाला स्वतःला त्यातलं काहीच म्हणवत नाही. तो नवरा आहे, बाप आहे, ऊस वाहतो. मॅडमही त्याला कुठलं नाव चिकटवायला जात नाहीत. त्या फक्त आकडे काढतात.

“समजा, समोरच्याला एचआयव्ही आहे, औषध चालू नाही, आणि निरोध नाही. असं १०,००० वेळा झालं, तर मागून घेणाऱ्याला साधारण १३८ वेळा लागण होते. करणाऱ्याला ११ वेळा. बाईसोबत पुढून केलं तर बाईला ८ वेळा, पुरुषाला ४ वेळा.”

ट्रॅक्टरवाला बोटं मोडत हिशोब करतो. “म्हंजी माझं अकरा. कमीच की.”

“कमी आहे, शून्य नाही. एक वेळही त्या अकरातली असू शकते. शिवाय तुम्हाला जळजळ आहे. असा गुप्तरोग असला की एचआयव्हीला आत शिरायला वाट सोपी होते, म्हणजे तुमचे अकरा अकरावर थांबत नाहीत. आणि तुमच्याकडून घरी गेलं तर घरी आठ आहेत.”

‘घरी आठ’ म्हटल्यावर त्याची बोटं थांबतात.

देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ते ३ टक्क्यांच्या वर निघालं. त्यातले कित्येक विवाहित असतात, आणि त्यांच्या बायका कुठल्याच जोखमीच्या यादीत बसत नाहीत. बाई गरोदर राहिली तर दवाखान्यात तिला एचआयव्ही तपासणी करायला सांगतात. तेव्हा तिची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर घरात आधी बोट तिच्याकडेच वळतं. मॅडमनी अशी घरं पाहिलीत. म्हणून त्या नवऱ्याची तपासणी आधी व्हावी यासाठी धडपडतात.

त्या त्याची संमती विचारतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल कुणाला फोडताही येत नाही, हे दोन्ही सांगतात. तो सही करतो. लॅबवाला बोटाला सुई टोचतो, थेंब पट्टीवर पडतो. “पंधरा-वीस मिनिटं. ही नुसती चाळणी आहे. रेघ उमटली तरी रोग आहेच असं नाही, सरकारी केंद्रात आणखी चाचण्या करून मगच सांगतात. आणि रेघ नाही उमटली, तरी गेल्या तीन महिन्यांतलं यात धरता येत नाही. तीन महिन्यांनी परत यायचं.”

तो बाहेर येऊन भिंतीशी उकिडवा बसतो.

*

पायरीवर आता दुसरा माणूस आहे. पन्नाशीचा, पांढरी टोपी, गावातल्या सहकारी संस्थेत नोकरी. अक्का त्याला ‘अध्यक्ष’ म्हणतात, तो कसलाही अध्यक्ष नाही. तो तपासणीला आलेला नाही. २०११ पासून त्याचं एचआयव्हीचं औषध, एआरटी, चालू आहे. बाजारच्या दिवशी व्हॅन आली की तो गप्पा मारायला येतो. घाबरलेला कुणी दिसला तर त्याच्याशी बोलतो, त्यासाठीच येतो खरा.

“आमच्या वेळंला सीडीफोर खाली यायची वाट बघायला लागायची,” तो मला सांगतो. “पेशी अजून बऱ्या हायत, घरी जावा, असं म्हणायचे.” २०१७ पासून तसं नाही, निदान झालं की लगेच औषध सुरू होतं, आणि २००४ पासून सरकारी केंद्रांत ते फुकट मिळतं. आता तो रोज रात्री एकच गोळी घेतो. विषाणूचं प्रमाण मोजलं की यंत्राला सापडत नाही.

“मग बायकोला?” मी विचारतो.

“तिची तपासणी वर्साला हुती. निगेटिव्ह.”

यामागं पक्का पुरावा आहे. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेल्या, पण औषधानं विषाणू दबलेला असलेल्या जोडप्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पहिल्या टप्प्यात स्त्री-पुरुष आणि पुरुष-पुरुष अशी दोन्ही जोडपी होती. दुसऱ्या टप्प्याचा निकाल २०१९ मध्ये आला, त्यात पुरुषांची ७८२ जोडपी होती. निरोधशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. गोळी चुकवली नाही आणि विषाणू सापडेनासा झाला, तर संबंधातून एचआयव्ही पुढं जात नाही. पायरीवरचा हा टोपीवाला माणूस घरी रोज तेच सिद्ध करतोय.

“गोळ्या ठेवता कुठं?”

“मिसळणाच्या डब्याशेजारी. तीच देती काढून. मी इसरलो तर वरडती.”

“तिला सगळं माहीत आहे?”

“रोग सांगितला. कुठनं आला ते तिनं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.” तो भिंतीशी बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडे हनुवटी करतो. “त्येला सांगा, डबा उघड्यावर आला की निम्मं वझं जातं. पर सांगायची घाई बी करू नगा. मला दोन वर्सं लागली.”

हे ऐकून ट्रॅक्टरवाला टोपीवाल्याजवळ सरकून बसतो. दोघं उसाच्या तोडीवर बोलायला लागतात, टोळ्या यंदा कमी आल्यात यावर.

*

मोटरसायकल गुऱ्हाळाच्या आडोशाला लावून एक पोरगा येतो. पंचविशीचा, एमआयडीसीत नोकरी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बाकीचे इथं पायी आणि ओळखीनं येतात, हा मोबाइलमधल्या ॲपवरून पुण्यातली माणसं शोधतो. त्याचा प्रश्नही तयार आहे. “प्रेप मिळतं का?”

काउन्सेलर मॅडम बाहेर येऊन त्याच्याशी बोलतात. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्यानं तो होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी; टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं तिच्यात एकत्र असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जास्त जोखीम असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली. आपल्याकडं नाकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. व्हॅनमध्ये ती गोळी नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घ्यावी लागेल, त्याआधी एचआयव्ही नाही याची खात्री, किडनीची आणि काविळीच्या बी विषाणूची तपासणी.

“पैशाचं बघतो मी. पण रोज घ्यायची म्हणजे बाटली घरात ठेवायला लागणार. वहिनी आरोग्य केंद्रात नर्स आहे. नाव वाचलं की तिला वाटेल मला झालाच आहे.”

“रोज तुमचं होतं का?”

“नाही. महिन्यातून एखादा शनिवार.”

“मग तुमच्यासाठी दुसरी रीत आहे.” मॅडम बोटांवर मोजून दाखवतात. संबंधाच्या आधी, कमीत कमी दोन तास आणि जास्तीत जास्त चोवीस तास, दोन गोळ्या एकदम. त्यानंतर चोवीस तासांनी एक, आणखी चोवीस तासांनी एक. पुरुषांसाठी ही रीत चालते, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच ती सांगितली. “शनिवारी पुण्यात दोन. रविवार-सोमवारची एकेक खिशात मावते. बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. पण ही गोळी गर्मी-परमा थांबवत नाही, त्याला निरोधच. आणि गोळी घेतली नाही, निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं २८ दिवसांचं औषध देतात. दिवस उजाडायची वाट बघत बसू नका.”

पोरगा हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतो, फाइलला नाव देतो ‘जिम डाएट’. मग म्हणतो, “तसं फार दिवस लागणारच नाही. वैशाखात लग्न आहे माझं. नंतर हे सगळं बंद.”

अक्का इतका वेळ गप्प होते. आता मोठ्यानं हसतात. “बाळ, माझं लग्न व्हऊन तेवीस वर्सं झाली. पोरगी बारावीला हाय. तुझ्यागतच मी बी म्हनलो हुतो, आक्षता पडल्या की सुटंल.” हसू ओसरतं तसा त्यांचा आवाज कामाचा होतो. “सुटलं तर चांगलंच. न्हाई सुटलं तर त्या पोरीला कायबी लागता कामा न्हाई. लग्नाआधी एकदा तपासून घे, तीन म्हैन्यांनी परत घे. आन् लाज वाटली तर १०९७ ला, एड्सच्या हेल्पलाइनला, फोन लाव, तितं तोंड दिसत न्हाई.”

पोरगा विचारतो, पोलीस वगैरे येत नाहीत ना इथं. अक्का सांगतात, पूर्वी यायचे. पिशवीत निरोध सापडला की तोच पुरावा धरून दम द्यायचे, पैसे काढायचे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले, त्यानंतर दम देणारे कमी झाले. “पोलिसाची भीती गेली. घरच्याची हाय तेवढीच हाय.”

मला वाटतं, प्रतिबंधाच्या कामाचं सगळं दुखणं यात आहे. औषधं चांगली आहेत, चाचणी वीस मिनिटांत होते, कायदाही आता आडवा येत नाही. पण ही साधनं ज्याच्यासाठी बनली तो माणूस एकटा, मोकळा, स्वतःच्या खोलीला कुलूप असलेला आहे, असं धरून ती त्याच्या हातात ठेवली जातात. इथल्या माणसाच्या कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला असते, खिसे आई धुण्याआधी उलटे करते. ज्या साधनाला त्या घरात जागा नाही ते साधन त्याच्यासाठी नाहीच. अक्कांचं खरं काम वाटप नाही, जागा शोधणं हे आहे, आणि त्यासाठी रजिस्टरात रकाना नाही.

*

लॅबवाला ट्रॅक्टरवाल्याला हाक मारतो. तो आत जातो, दार लागतं. टोपीवाला टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. ट्रॉल्यांची रांग पुढं सरकते, मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरतं.

दार उघडतं तेव्हा त्याचा चेहराच सांगतो : रेघ उमटलेली नाही. तो आपणहून टोपीवाल्याला म्हणतो, “तीन म्हैन्यांनी परत बोलावलंय.” व्हॅनमधल्या डॉक्टरांनी जळजळीसाठी राखाडी रंगाचा किट काढलाय, त्यातली ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम तो त्यांच्यासमोर पाण्याबरोबर गिळतो. डॉक्टर सांगतात, सात दिवसांनी दाखवायला यायचं, तोवर संबंध नको, ठेवलाच तर निरोध. आणि हे औषध बायकोलाही घ्यावं लागेल, नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि परत तिच्याकडून घ्याल.

“तिला काय सांगू?”

मॅडम म्हणतात, “खरं तेवढं सांगा. लघवीला जळजळ आहे, डॉक्टर म्हणाले दोघांना औषध लागतं. यात एक अक्षर खोटं नाही. आणि तोवर निरोध का, याचं कारणही हेच.”

तो चमकून बघतो. कॅनॉलात पाकिटं टाकणाऱ्याला पहिल्यांदाच ते घरी न्यायची सबब मिळालीय, आणि ती बनवलेली नाही.

“शुक्रवारी दोघं ग्रामीण रुग्णालयात या. मी तिथं असते. तिच्याशी मी वेगळं बोलेन. एचआयव्हीची तपासणीही विचारीन. ती हो म्हणाली तरच करू, गुपचूप करणार नाही. तुम्ही मला सांगितलेलं तिला कळणार नाही. पण तिनं तुम्हाला काही विचारलं, तर काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

तो दोन निरोध शर्टाच्या वरच्या खिशात घालतो, दिसतील असे, किटच्या चिठ्ठीसोबत. मग पायरीवर अक्कांसमोर उभा राहून पाठांतर करतो, “मला जळजळतंय. डाक्टर म्हनलं, दोगांनी यायचं.”

“आवाज बारीक करू नगंस,” अक्का म्हणतात. “बारीक केलास की ती वळकती. चोवीस तास तुझ्या आवाजात ऱ्हाती ती. परत म्हन.”

तो घसा खाकरतो आणि परत म्हणतो, या वेळी काट्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.